आकडा झाकून वाचा

बेळगावात एखादा जाणता माणूस गेला की शोकसभा होते आणि शोकसभेत त्याच्या प्रामाणिकपणाचे गोडवे गायले जातात. आमच्या सरांच्या वेळीही तेच झाले. जागा-घरांचे व्हॅल्युएशन, म्हणजे किंमत ठरवण्याचे काम, करण्यात ज्यांची हयात गेली, ज्यांनी कितीतरी इंजिनिअर पोरांना हाताला धरून हे काम शिकवले, त्यांनी कधी कुणाकडून चहापलीकडे काही घेतले नाही, असे वक्त्यामागून वक्ता सांगत होता. त्यात खोटे काहीच नव्हते. मला मात्र ऐकताना थोडा रागच येत होता. ‘असा माणूस हजारात एक’ म्हणून आपण हळहळतो, तेव्हा उरलेल्या नऊशे नव्याण्णवांना परस्पर सूट देऊन टाकतो. सरांचा स्वभाव सरळ होता हे खरेच. पण त्यांच्या कामातला सरळपणा स्वभावातून कमी आणि एका ठरावीक पद्धतीतून जास्त येत असे. ती पद्धत शिकवता येते, लिहून ठेवता येते, दुसऱ्याला तपासता येते. मग ती सगळ्यांना बंधनकारक का नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

पद्धत साधी होती. शिकाऊ पोराने अहवाल टाइप करून आणला की सर शेवटच्या पानावरच्या रकमेवर अंगठा ठेवायचे आणि बाकीचा अहवाल पहिल्यापासून वाचायचे. वाचून झाल्यावर स्वतःचा अंदाज सांगायचे, मग अंगठा उचलायचे. दोन्ही आकडे जवळ आले तर सही. लांब राहिले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर. ‘आकडा झाकून वाच. कारणांवरून आकडा कळला तर तो अहवाल, नाहीतर नुसती पावती,’ असे ते म्हणत. आज माझ्याकडे येणाऱ्या दहा अहवालांपैकी बहुतेकांवर मी अंगठा ठेवून बघतो. पत्ता, चतुःसीमा, फोटो, बांधकामाचे वर्ष, गाईडन्स व्हॅल्यू म्हणजे मुद्रांकाचा सरकारी दर, आणि मग आकाशातून पडावा तसा आकडा. मधला पूल कुठेच नाही.

जागा बघायला सरांना पावसाळा आवडायचा. ‘उन्हाळ्यात सगळ्याच जागा बऱ्या दिसतात. खरं आषाढात जाऊन बघ की.’ शहापूर, वडगाव, अनगोळचे शिवार ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. बेळगावचा बासमती जिथे पिकतो तीच ही काळीभोर जमीन, आणि बल्लारी नाला फुगला की पाण्याखाली जाते तीही हीच. एकाच सर्व्हे नंबरातले दोन तुकडे असतात, सरकारी दर दोघांनाही तोच. एक रस्त्याच्या कडेचा उंचवटा, दुसरा नाल्याच्या बाजूचा खोलगट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहरात पाणी घुसले, त्यानंतर सरांनी आम्हाला भिंतींवर राहिलेली पाण्याची रेघ टेपने मोजून अहवालात लिहायला लावली. पाणी किती चढले हे मालकाला विचारायचे नाही, शेजारच्या म्हातारीला विचारायचे, हाही नियम. मालक विकणारा असेल तर पाणी घोट्यापर्यंत आलेले असते, नुकसानभरपाई मागणारा असेल तर गळ्यापर्यंत.

यात सरांचा काही खास शोध नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली पुण्याच्या जमिनीच्या एका खटल्यात, चिमणलाल हरगोविंददास प्रकरणात, नेमके हेच सांगून ठेवले आहे. शहाणा खरेदीदार जागेत काय बघेल ते बघा, जमेच्या आणि वजाबाकीच्या बाजू लिहा. रस्त्याला लागून असणे, दर्शनी रुंदी, सपाटी या जमेच्या. आत दडलेली असणे, तोंड अरुंद असणे, भराव घालावा लागेल इतकी खोलगट असणे या वजाबाकीच्या. निकाल सगळ्यांना पाठ असतो. वजाबाकी मोजायला चिखलात कोण उतरतो, एवढाच फरक.

गल्ल्यांतल्या घरांची गंमत वेगळी. गणपत गल्ली, मारुती गल्ली, कडोलकर गल्ली या भागातले जुने घर तोंडाला बारा फूट आणि आत शंभर फूट, मागे परसू, परसात आड. पुस्तकात यावर पट्ट्यांची रीत आहे: रस्त्याकडच्या पट्ट्याला पूर्ण दर, त्यामागच्याला दोन-तृतीयांश, शेवटच्याला निम्मा. सर पट्टे पाडायचे, पण आधी मागच्या बोळात जाऊन यायचे. मागून हातगाडी जाईल एवढी वाट असेल तर शेवटचा पट्टा निम्म्या दराचा कसा? पुढच्या खोलीत जुना भाडेकरू नाममात्र भाड्यावर बसला असेल आणि उठण्याची चिन्हे नसतील, तर पहिला पट्टा तरी पूर्ण दराचा कसा? भिंत सामाईक असेल तर पाडकामाचे काय? कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, बंगल्यांच्या बाबतीत तर पहिला प्रश्न जमीन कुणाची हाच. ओल्ड ग्रँटवरच्या बंगल्यात जमीन सरकारची असते, राहणाऱ्याचा हक्क बांधकामापुरता. बाहेरून झाडी, आवार, व्हरांडा बघून एकराचा दर लावणारे अहवाल मी पाहिले आहेत. ज्याच्या मालकीची जमीनच नाही त्याला तिची किंमत लावून देणे ही उदारता म्हणावी का?

सीमेचा परिणाम दरावर कसा होतो, हे त्यांनी बाची आणि शिनोळीच्या रस्त्यावर उभे करून आम्हाला शिकवले. माती तीच, पाऊस तोच, बाजाराचे गावही बेळगावच. पण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथे शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. कर्नाटकाने भूसुधारणा कायद्यातली ती अट २०२० साली काढून टाकली, तेव्हापासून इकडे कुणीही शेतजमीन घेऊ शकतो. एका बाजूला गिऱ्हाईक मोजके, दुसऱ्या बाजूला वाढलेले. तेव्हा पलीकडचा व्यवहार अलीकडच्या जमिनीला दाखला म्हणून लावताना हा फरक लिहिलाच पाहिजे. सीमाप्रश्नावर भाषणे पुष्कळ ऐकली, पण सीमेने शेतकऱ्याच्या सातबाऱ्याचे आणि पहाणीचे (कर्नाटकातल्या सातबाऱ्याचे) काय केले, हे इतक्या थंडपणे सांगणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो. व्हॅल्युएशनचा आकडा हा दोन माणसांमधला खाजगी मामला नाही. त्यावर कर्ज मिळते, त्यावर भावा-भावांच्या वाटण्या होतात, त्यावर सरकार जमीन घेते. आणि या तिन्ही ठिकाणी ज्याचे घर, ज्याची जमीन, त्यालाच कारणे कळत नाहीत.

बँकेचेच घ्या. फी कर्जदार भरतो, अहवाल बँकेकडे जातो, आणि कर्जदाराने प्रत मागितली तर बहुतेक वेळा ‘ते आमचे अंतर्गत कागद आहेत’ असे उत्तर मिळते. पन्नास कोटी आणि त्यावरच्या मालमत्तेला दोन स्वतंत्र अहवाल घ्या, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. म्हणजे मोठ्याच्या आकड्याला दोन डोळे, आणि टिळकवाडीत आयुष्यभराच्या कमाईतून फ्लॅट घेणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला एक, तोही त्याच्याकडे पाठ केलेला. बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या व्हॅल्युअरांच्या यादीत, राहायचे असेल तर कर्ज बसेल इतका आकडा बसवून द्यावा, असा गोड आग्रह या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. सरांना अशा एका पॅनेलवरून वगळलेही गेले. त्याची त्यांनी कधी वाच्यता केली नाही, आणि ती बँक कोणती हे मीही सांगणार नाही. मुद्दा बँकेचा नाहीच. नेमणूक ज्याच्या हातात त्याच्या सोयीचा आकडा येणार, ही माणसाची जात आहे. सरांसारखा एखादा त्याला पुरून उरला म्हणून व्यवस्था ठीक आहे असे होत नाही.

भूसंपादनात तर हे उघड्या डोळ्यांनी दिसते. हलगा-मच्छे बायपासच्या शेतकऱ्यांनी पिकाऊ जमिनीसाठी रस्त्यावर आणि कोर्टात जी झुंज दिली ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या न्याय-अन्यायात मी इथे शिरत नाही, दराबद्दलच बोलतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे बाजारभाव ठरवताना मुद्रांकाचा सरकारी दर, आसपासच्या तशाच जमिनींच्या गेल्या तीन वर्षांतल्या खरेदीपत्रांपैकी चढ्या निम्म्यांची सरासरी, किंवा खाजगी प्रकल्पांत ठरलेली संमतीची रक्कम, यांतले जे जास्त ते धरायचे. त्याला ग्रामीण भागात एक ते दोनचा गुणक, आणि वर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनालाही हेच भरपाईचे नियम २०१५ पासून लागू आहेत. ऐकायला छान. पण खरेदीपत्रात आपण काय लिहितो? स्टॅम्प ड्युटी वाचवायला निम्मी-अर्धी रक्कम दस्तात आणि उरलेली ‘वरची’. समजा शिवारात खरा भाव एकरी साठ लाख चालला आहे, दस्तांत वीस दिसतो, मुद्रांकाच्या सरकारी दरांच्या तक्त्यात पंधरा. गुणक एक धरला तर वीस अधिक वीस, चाळीस लाख हातात. कागदावर दुप्पट भरपाई, प्रत्यक्षात साठाच्या जागी चाळीस. आपणच लिहिलेले खोटे दस्त आपल्याच पुढ्यात पुरावा म्हणून येतात. सर हे गावच्या पारावर बसून शेतकऱ्यांना तोंडावर सांगायचे. एकदा एक म्हातारे शेतकरी चिडून म्हणाले, ‘साहेब, तुम्ही सरकारचे की आमचे?’ सर म्हणाले, ‘तात्या, मी जमिनीचा.’ हे वाक्य सभेत कुणी सांगितले असते तर टाळ्या पडल्या असत्या. तेव्हा कुणालाही ते आवडले नव्हते.

मुद्रांकाच्या तक्त्यावरून भूसंपादनाचा भाव ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जावजी नागनाथम प्रकरणात सांगितले होते. नव्या कायद्याने तो तक्ता निदान खालची मर्यादा म्हणून आत घेतला. त्यात वाईट नाही. तक्ता असल्यामुळे अधिकाऱ्याची मनमानी काही प्रमाणात आवरते, हे सरही मान्य करत. पण पायरीवर उभे राहायचे की पायरीलाच घर म्हणायचे? जिल्ह्यातल्या प्रत्येक बांधाचा उंचसखलपणा तक्त्यात येणार नाही. तो जागेवर जाऊन लिहिणाऱ्या माणसाच्या अहवालात येईल, आणि त्या माणसाला या सगळ्या प्रक्रियेत कायद्याने सक्तीचे असे स्थान नाही. झाडे, विहिरी, बांधकामे यांची किंमत काढायला जाणकारांची मदत ‘घेता येईल’, इतकेच. मग शेतकरी व्हॅल्युअरकडे येतो केव्हा? निवाडा झाल्यावर, लवादासमोर जाताना, जमिनीवर डांबर पडल्यानंतर. तेव्हा पाण्याची रेघ कुठे मोजायची?

महामार्ग कायद्यात रक्कम ठरवण्याआधी दावे मागवणारी जाहीर नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. सीमाभागात स्थानिक भाषा म्हणजे कोणती, हे ठरवणारा बहुधा बेंगळूरला बसलेला असतो. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पंधरा टक्के किंवा जास्त असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे केंद्राचे १९५६ चे संरक्षणाचे धोरण सांगते. त्याची अंमलबजावणी इथे कशी होते ते बेळगावच्या वाचकाला मी काय सांगू? पण याबाबत सर आपल्या लोकांनाही सोडत नसत. मुंबई राज्यातले जुने कागद मराठीत, काही मोडीत. १९५६ नंतरचे उतारे कन्नडमध्ये. बँकेचा अहवाल इंग्रजीत. जो तिन्ही वाचू शकत नाही त्याने या भागात व्हॅल्युएशन करू नये, असे त्यांचे स्पष्ट मत होते. त्यांनी स्वतः कन्नड नीट शिकून घेतले होते आणि मराठीचा हट्टही सोडला नव्हता. मालक मराठी असेल तर इंग्रजी अहवालाला एक मराठी पान जोडलेले असायचे: जागा कोणती, काय चांगले, काय वाईट, म्हणून भाव इतका. कन्नड मालकाला तेच पान कन्नडमध्ये. त्या पानाची फी कधी लावली नाही. हे पान मला सक्तीचे हवे आहे. सरकारी निवाड्याला, बँकेच्या अहवालाला, दोन्हींना.

त्या पानाचा सगळ्यात मोठा उपयोग मी वाटण्यांमध्ये पाहिला. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क कर्नाटकाने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. तरी आपल्याकडे बहीण माहेरी येते, साडीचोळी घेते आणि हक्कसोड पत्रावर सही करते. करू नये असे सर कधी म्हणाले नाहीत, तो घरचा मामला. पण वाटणीसाठी व्हॅल्युएशन त्यांच्याकडे आले तर एक अट असे: अहवाल सगळ्या वारसांसमोर वाचला जाईल, बहिणींसह. अनेक घरांना ही अट मानवली नाही आणि काम दुसरीकडे गेले. जिथे मानवली, तिथे बहिणीने सही केली तरी काय सोडते आहे ते कळून केली. काही ठिकाणी नाही केली. भावांनी सरांना नावे ठेवली, आणि ती त्या वेळी त्यांच्या घरापर्यंत पोहोचलीही.

आता माणसे तयार कशी होतात ते बघू. सरांच्या पिढीला संपत्ती कर कायद्याखाली नोंदणी मिळायची. तो करच २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. २०१७ मध्ये कंपनी कायद्याखाली नवे नियम आले: पदवी, अनुभव, पन्नास तासांचा अभ्यासक्रम, संगणकावर परीक्षा. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. पण सिव्हिल इंजिनिअरचा पाच वर्षांचा अनुभव स्लॅब ओतण्याचा असला तरी चालतो. जुन्या व्हॅल्युअरच्या मागून चिखल तुडवल्याची अट कुठे नाही. शिवाय ही चौकट मुख्यतः कंपन्या आणि दिवाळखोरीच्या कामांपुरती. तुमच्या-आमच्या घराच्या कर्जाला आणि शेताच्या संपादनाला ती शिवत नाही. २०२० साली एका तज्ज्ञ समितीने सगळ्या व्हॅल्युअरांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा दिला, पण तो मसुदाच राहिला. वकिलाला, डॉक्टरला, सीएला वरिष्ठाच्या हाताखाली घासून घेतल्याशिवाय गती नाही. घराची किंमत सांगणारा मात्र पन्नास तासांत तयार.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो पोकळ नाही. स्वतंत्र व्हॅल्युअर आणला की खर्च वाढेल, वेळ वाढेल, आणि व्हॅल्युअर विकला जाणार नाही याची खात्री काय? खात्री नाही. म्हणून तर मी माणसाच्या सचोटीवर विसंबायला तयार नाही. कारणे लिहिलेली असली आणि ज्याची जमीन त्याच्या हातात पडली, की विकला गेलेला अहवाल शेजारच्या म्हातारीलाही कळतो. तिला पाणी कुठवर आले होते ते माहीत असते. नेमणूक बँकेने किंवा प्रांताने न करता यादीतून चिठ्ठी काढून व्हावी, प्रत मालकाला त्याच्या भाषेत मिळावी, आणि भूसंपादनात दावे मागवण्याच्या टप्प्यालाच शेतकऱ्याला सरकारी खर्चाने एक अहवाल मिळावा. खर्च होईल. वर्षानुवर्षे लवाद आणि कोर्टात जिरणारे पैसे आणि त्यावरचे व्याज यापुढे तो किरकोळ ठरेल, असे माझे मत आहे.

सरांच्या नावाने दरवर्षी पुरस्कार द्यावा असे सध्या चालले आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. माझी आयोजकांना वेगळी सूचना आहे. त्याच रकमेत दरवर्षी दोन नव्या इंजिनिअरांना एखाद्या जुन्या व्हॅल्युअरबरोबर पावसाळाभर फिरवा आणि त्यांच्याकडून शेतकऱ्यांसाठी मराठी पाने लिहून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. सरांच्या कपाटात वह्या आहेत. गल्लीवार, शिवारवार, वर्षानुवर्षांचे व्यवहार, एका रकान्यात दस्तातला भाव आणि शेजारच्या रकान्यात खरा. लोकांनी विश्वासाने सांगितलेला. घरच्यांना कुणीतरी त्या जाळून टाका असा सल्ला दिला आहे, आणि त्यामागची भीती मला समजते. नावे, सर्व्हे नंबर, घर नंबर काढून फक्त शिवार, वर्ष आणि दोन भाव एवढीच यादी केली तर कुणाला झळ बसणार नाही, आणि बेळगाव तालुक्यातल्या जमिनीचा खरा इतिहास पहिल्यांदा एका जागी येईल. निर्णय त्यांच्या मुलीचा आहे. ती विचार करते म्हणाली आहे. तिने हो म्हटले तर वह्या उतरवून घ्यायला मोडी नाही, पण सरांचे बारीक अक्षर वाचू शकणारी दोन-तीन माणसे लागतील. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी कुणी बेळगावात असेल तर कळवावे.